तारापूरला सून म्हणून जाऊ का?

पत्राचा सारांश: डोंबिवली पूर्वेला आईवडिलांसोबत राहणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. बँकेत नोकरी. लग्न जवळपास ठरलं आहे. मुलगा तारापूरच्या अणुविद्युत केंद्रात अभियंता असून बोईसरला राहतो. दोघांचं वर्षभर बोलणं चालू आहे, स्वभाव जुळले आहेत. आईचा मात्र ठाम विरोध आहे: "अणुभट्टीच्या दारात मी माझी मुलगी देणार नाही." मावशीने जपानमधल्या फुकुशिमाच्या 2011 मधल्या अणुअपघाताचे व्हिडिओ पाठवल्यापासून आईने हाय खाल्ली आहे. होणाऱ्या बाळात काही दोष निघाला तर, तिथलं दूध, मासे, भाजी कशी खायची, भूकंप झाला तर, असे तिचे प्रश्न आहेत. मुलगा घरी आला तेव्हा हसून म्हणाला, "काकू, रेडिएशन तर केळ्यातही असतं." आईला ते लागलं. वडील काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी ती लिहिते, "ताई, मला त्याच्यावर विश्वास आहे, पण आता मलाही रात्री झोप लागत नाही. त्याला नोकरी बदलायला सांगू का? की आईचं ऐकून नकार देऊ?" ताजा कलम म्हणून दोन गोष्टी आहेत: गेल्या वर्षी आईचा पोटाचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा आपण रेडिएशनचा विचारही केला नव्हता, आणि थंडीत स्वतःला खोकला होतो, त्यासाठी डॉक्टरांनी पंप दिला आहे.

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तारापूरवर साडेतीन पानं आहेत आणि तुझ्या खोकल्यावर एक ओळ, तीही ताज्या कलमात. माझं उत्तर मी त्या एका ओळीपासून सुरू करणार आहे. साडेतीन पानांना टाळायचं म्हणून नाही. त्या पानांतली भीती नीट समजून घ्यायची तर ती ओळ एवढी छोटी का राहिली, हे आधी बघावं लागेल.

मी चेंबूरची. आमच्या गच्चीवरून तुर्भ्याच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, हे आम्हा मुलांना माहीत होतं. तिथे 1960 पासून 'सायरस' आणि 1985 पासून 'ध्रुव' ही अणुभट्टी चालत होती. बाहेरगावचे पाहुणे आले की आजी त्यांना तो डोंगर दाखवायची आणि पाहुण्या बायका हमखास विचारायच्या, "भीती नाही वाटत?" त्याच घरात माझा धाकटा भाऊ हिवाळ्यात रात्र रात्र उशीला टेकून बसायचा, कारण आडवा झाला की त्याला श्वास पुरत नसे. सकाळी खिडकीच्या गजांवर काळी पूड असायची. ती कुठून यायची? रस्त्यावरच्या ट्रकमधून, बेकऱ्यांच्या भट्ट्यांतून, कारखान्यांतून, जळत्या कचऱ्यातून, सगळीकडून. म्हणजेच कुणाकडूनच नाही. त्या पुडीकडे बघून "भीती नाही वाटत?" असं एकाही पाहुण्याने कधी विचारलं नाही. आईने फडकं घेऊन गज पुसायचे, एवढंच तिचं उत्तर होतं.

मोठी होऊन या विषयावर वाचू लागले तेव्हा मला त्यातलं कोडं उमगलं. धोके दोन जातींचे असतात. एकाला पत्ता असतो, दुसऱ्याला नसतो. अणुभट्टी, गॅसची टाकी, कारखान्याचं धुराडं, गच्चीवरचा मोबाइल टॉवर: यांच्याकडे बोट दाखवता येतं. बोट दाखवता आलं की भीतीला जागा मिळते, मोर्चा कुठे न्यायचा ते कळतं, मुलगी कुठे द्यायची नाही तेही ठरतं. वाहनांचा धूर, रस्त्याची धूळ, कोपऱ्याकोपऱ्यावर जळणारा कचरा, मातीतून आणि दगडातून येणारा नैसर्गिक किरणोत्सार, यांना पत्ता नाही. ते थोडं थोडं सगळीकडे असतं, रोज असतं आणि म्हणून नजरेतून सुटतं.

तुझ्या आईचा प्रश्न पत्ता असलेल्या धोक्याबद्दल आहे. तो खोटा नाही. फक्त त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: तारापूर रोज काय देतं, आणि एखाद्या वाईट दिवशी काय देईल? तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने केळ्याचं जे सांगितलं ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. आई दुसरा प्रश्न विचारत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच बोलणं जुळलं नाही.

पहिला प्रश्न घेऊ. किरणोत्साराचा शरीरावरचा परिणाम मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात: जमिनीतून, आकाशातून, अन्नातून, आणि सगळ्यात जास्त रेडॉन नावाच्या वायूतून. जमिनीतल्या युरेनियमचं रूपांतर होता होता हा वायू तयार होतो आणि बंद घरात साठतो. आपल्याकडचा काळा बसाल्ट याबाबतीत ग्रॅनाइटपेक्षा बराच सौम्य आहे, त्यामुळे आपण कोकणातली आणि देशावरची माणसं तशी सुदैवी. उलट केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तिथल्या काही घरांत लोकांना या सरासरीच्या कित्येक पट किरणोत्सार पिढ्यान्‌पिढ्या मिळतो आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तिथल्या हजारो रहिवाशांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कर्करोगाचं प्रमाण या किरणोत्सारामुळे वाढलेलं आढळलं नाही.

आता तारापूर. अणुकेंद्रामुळे आजूबाजूच्या कुठल्याही माणसाला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. प्रत्यक्षात कुंपणाबाहेर मिळणारी मात्रा या मर्यादेच्या लहानशा हिश्शाएवढी असते. गेल्या वर्षी आईचा पोटाचा जो सीटी स्कॅन झाला, त्यात एका वेळी साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट मिळतात. हे आईला घाबरवायला सांगत नाही. तो स्कॅन गरजेचा होता, डॉक्टरांनी विचार करून सांगितला होता आणि तो केलात ते योग्यच केलंत. आकडा अशासाठी सांगितला की त्या दिवशी घरात कुणालाच भीती वाटली नाही. कारण ते यंत्र आईच्या भल्यासाठी होतं आणि समोर विश्वासाचा डॉक्टर होता. भीती मोजमापावरून ठरत नाही. कोण देतंय, कशासाठी देतंय आणि आपल्याला विचारून देतंय का, यावरून ठरते. आईच्या बाबतीत हे समजून घेतलंस तर तुझा अर्धा राग ओसरेल.

दूध, भाजी, मासे यांचं काय? प्रत्येक अणुकेंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून ती आसपासची हवा, पाणी, माती, दूध, भाजीपाला आणि मासळी यांचे नमुने तपासते, म्हणजे नंतर काही वाढलं तर तुलना करता यावी. मोजणारी ही यंत्रणा सरकारचीच आहे, बाहेरच्या स्वतंत्र नजरा तिथे अजून जास्त असायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. तरी एक गोष्ट लक्षात घे. इथे कुणीतरी ठरलेल्या जागचं दूध वर्षानुवर्षं मोजतंय. डोंबिवलीत तुमच्या घरी येणाऱ्या भाजीत कुठल्या नाल्याचं पाणी उतरलंय, हे कोण मोजतंय?

बाळाबद्दलची भीती सगळ्यात हळवी आहे आणि बायका ती मोठ्याने बोलतही नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. हिरोशिमा आणि नागासाकीच्या बाँबहल्ल्यांतून वाचलेल्या लोकांना पुढे जी मुलं झाली, त्यांतल्या 70 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास अनेक दशकं चालला. त्यांच्या आईबापांना मिळालेली मात्रा तारापूरच्या शेजाऱ्याला स्वप्नातही मिळणार नाही एवढी होती. तरीही आईबापांकडून मुलांत आनुवंशिक दोष उतरल्याचं त्या अभ्यासात दिसलं नाही. जी बाळं स्फोटाच्या वेळी पोटात होती, त्यांच्यातल्या काहींवर मात्र गंभीर परिणाम झाले. म्हणून गरोदरपणात मोठ्या मात्रेच्या तपासण्या टाळतात, आणि ते टाळणं योग्यच आहे. पण नवरा अणुकेंद्रात काम करतो म्हणून बाळात दोष येईल, या समजाला त्या अभ्यासातून आधार मिळत नाही. आतल्या कर्मचाऱ्यांसाठी सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30, अशी मर्यादा आहे. कामावर असताना त्याच्या खिशावर जो बॅज असतो, तो त्याला मिळालेली मात्राच मोजतो. त्याला सरळ विचार, "तुझी आजवरची नोंद किती आहे?" हा संशय नव्हे. ज्याच्याशी संसार करायचा त्याला पगार विचारतो, रक्तगट विचारतो, तसंच हे.

आता दुसरा प्रश्न. यावर मी तुझ्या आईच्या बाजूने बोलणार आहे.

पत्ता असलेल्या धोक्याचा स्वभावच असा की तो 364 दिवस गप्प असतो आणि त्याचा सगळा हिशेब एका दिवसात असतो. त्यामुळे रोजच्या सरासरीवरून त्याला माफ करता येत नाही. भोपाळचा तो कारखाना 2 डिसेंबर 1984 च्या संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांसाठी नोकरी देणारा कारखानाच होता. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 सालच्या. फुकुशिमातल्या भट्ट्यांप्रमाणेच त्याही उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत, फक्त त्याहून जुन्या पिढीतल्या. म्हणजे आईच्या मनात आलेली तुलना हवेतली नाही. नंतरच्या दोन, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या, 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. त्या वेगळ्या रचनेच्या आहेत. भूकंपाचं म्हणशील तर डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. आईने हे पेपरात वाचलेलं असणार. यावर "काकू, केळं" हे उत्तर पुरत नाही. तिला "2011 नंतर तुमच्याकडे काय तपासलं, काय बदललं, वीज गेली तर भट्टी थंड कशी ठेवता" याचं उत्तर हवं आहे, आणि ते देण्याची तुझ्या होणाऱ्या नवऱ्याइतकी पात्रता आपल्यापैकी कुणाचीच नाही. त्याला सांग की एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन आईसमोर बस, तासभर.

फुकुशिमाचा व्हिडिओ अर्धाच भाग दाखवतो. दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, हे खरं आहे. पण किरणोत्सारामुळे रहिवाशांच्या तब्येतीवर थेट परिणाम झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला आढळलं नाही. त्या प्रांतात माणसं गेली ती बहुतेक घाईच्या स्थलांतरात आणि त्यानंतरच्या हालांत. रुग्णालयांतली आणि वृद्धाश्रमांतली म्हातारी माणसं, दोन हजारांहून अधिक. चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. 1986 मध्ये तिथे अपघात झाल्यावर शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना सुमारे 36 तासांनी हलवलं. खेड्यांत मुलं किरणोत्सारी आयोडिन उतरलेलं दूध पीतच राहिली, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुढे तिथे मुलांमध्ये थायरॉइडचे कर्करोग हजारोंनी वाढले. ते आयोडिन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. काही आठवडे दूध थांबवलं असतं तर त्यातले बरेच आजार टळले असते.

म्हणून आईने धरून ठेवावा असा प्रश्न हा आहे: काही झालं तर आम्हाला कोण कळवणार आणि किती वेळात? तारापूरभोवती 16 किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचा टापू आहे. तुमचं बोईसरचं घर त्यात येणार. तिथे जिल्हा प्रशासनासोबत ठरावीक काळाने सराव होतात. शेवटचा कधी झाला, तुमच्या भागातल्या लोकांनी कुठे जमायचं, थायरॉइडला त्या किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवणाऱ्या साध्या आयोडिनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत आणि कोण वाटणार, हे विचारून घे. घरातल्या वहीत लिहून ठेव. असा सगळा तपशील शेजारणीला माहीत नसेल तर तिलाही सांग.

यापुढचं मी जरा पोटतिडकीने लिहिते आहे.

बोईसरला तुला खरोखर ज्याची चौकशी करायला हवी, ते तुझ्या साडेतीन पानांत कुठेच नाही. तिथे अणुकेंद्राखेरीज राज्यातली एक मोठी रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर 93.69 गुणांनी देशात सगळ्यात वाईट ठरलं. ते तारापूर म्हणजे अणुभट्टी नव्हे, ही वसाहत. पत्ता असलेला आणि नसलेला धोका तिथे एकमेकांत मिसळतात. एकेक कारखान्याला दरवाजा आहे, पाटी आहे, परवाना आहे. पण शेकडो कारखान्यांचं पाणी एकाच गटारात, एकाच सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, एकाच पाइपने समुद्रात गेलं की ते कुणाचंच राहत नाही. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझं पाणी स्वच्छ होतं. पत्ते असतात शेकडो, गुन्हेगार शून्य. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तिथे दाद मागितली. जाळ्यात मासा येईना म्हणून ज्यांना कज्जा लढावा लागला, त्यांच्या पोटाच्या प्रश्नाला आपल्या घरांतल्या गप्पांत केळ्याएवढीही जागा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि डोंबिवली? तुझी आई जिथे बसून 'दारात' म्हणते आहे, त्या घराच्या आसपासच फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. मे 2016 मध्ये आणि पुन्हा मे 2024 मध्ये तिथे स्फोट झाले, माणसं गेली. तुम्ही घर सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं मी म्हणत नाही. हप्ते असतात, शाळा असतात, माणसं असतात. पण सवयीच्या धोक्याला आपण 'आपलं गाव' म्हणतो आणि परक्या धोक्याला 'भट्टीचं दार', एवढं तिच्याशी प्रेमाने बोलता येईल. तुझी आई चुकीची आहे हे सिद्ध करायला नको बोलूस. इतकी वर्षं ती कशाकशासोबत राहिली आहे, याची तिलाच आठवण द्यायला बोल.

मग तुझा खोकला. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि दिवसभराचा धूर रात्री आपल्या नाकाच्या उंचीवर साठून राहतो. अतिसूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली पातळी 5 आहे. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात भारतात 16.7 लाख मृत्यूंना हवेचं प्रदूषण कारणीभूत होतं. यातल्या एकाही माणसाच्या दाखल्यावर 'हवा' असं लिहिलेलं नसतं. दमा, हृदयविकार, पक्षाघात असं लिहिलेलं असतं. पत्ता नसलेला धोका माणूस घेऊन जातो तोही असा, दुसऱ्याच्या नावावर.

यातलं थोडं घरात आपल्या हातात आहे. डासांची अगरबत्ती म्हणजे ती हिरवी कॉइल आजच बंद कर. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून 75 ते 137 सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लाव. देवापुढे उदबत्ती हवी तर खिडकी उघडी ठेवून एकच लावावी, धूप सणावारी. फोडणी करताना पंखा चालू असावा. सोसायटीचा सफाईवाला कोपऱ्यात पालापाचोळा जाळत असेल तर त्याच्यावर ओरडू नकोस. पालापाचोळा उचलून न्यायची सोय सोसायटीने केलेली नाही, ते कमिटीच्या बैठकीत मांड. पंप नियमित घे आणि छातीच्या डॉक्टरांना विचारून श्वासाची तपासणी करून घे. लग्नाआधी, इकडे राहिलीस तरी, तिकडे गेलीस तरी.

मात्र पत्ता नसलेल्या धोक्याचा सगळा भार घरातल्या बाईच्या फडक्यावर आणि मास्कवर टाकणं मला मान्य नाही. एकेकाळी आपल्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते लाखो गाड्यांच्या नळकांड्यांतून मुलांच्या रक्तात उतरायचं. कुठल्याही आईला ते घरात अडवता आलं नसतं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकलं जाऊ लागलं, तेव्हा ते थांबलं. पसरलेल्या गोष्टीला उगमापाशी गाठावं लागतं आणि ते काम धोरणाचं असतं. म्हणून नगरसेवक मत मागायला आला की त्याला कचरा कुठे जळतो ते विचारायचं.

आता तुझे दोन सरळ प्रश्न. त्याला नोकरी बदलायला सांगू का? माझ्या मते, केवळ या भीतीपोटी नको. तो बोईसर सोडून मुंबई-ठाण्याच्या हमरस्त्यालगत घर घेईल आणि तुझा पंप दुप्पट होईल, हा सौदा मला पटत नाही. त्याला स्वतःला काम नकोसं झालं असेल तर गोष्ट निराळी. नकार देऊ का? नकार द्यायचा असेल तर माणसामुळे दे. आईच्या भीतीवर तो हसला, हे मला अणुभट्टीपेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं. कदाचित घाबरून हसला असेल. सासूसमोर पहिल्यांदा बसलेला मुलगा काहीही बोलतो. पण तू त्याला हे सांगितलंस, की तो ऐकतो का, पुन्हा येऊन नीट बोलतो का, ते बघ. संसारात तुझ्या भीतीशीही तो तसाच वागणार आहे.

अशीच पत्रं मला गच्चीवरच्या मोबाइल टॉवरबद्दलही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी इथेच लिहिते. टॉवरच्या लहरी अणुभट्टीतल्या किरणांसारख्या नसतात; शरीरातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. 2012 पासून आपल्याकडे टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांश आहे, आणि शंका असेल तर सरकारच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावरून मोजणीची मागणी करता येते. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते. म्हणून दूरच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेला फोन शरीराला जास्त देतो. सोसायटीत भांडण करण्याआधी मोजणी मागवा. आणि भंगारात जड, शिशाचं आवरण असलेलं, ओळखू न येणारं यंत्र दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, त्यातल्या कोबाल्टने एकाचा जीव घेतला. ज्या किरणोत्साराभोवती कुंपण असतं त्यापेक्षा ज्याचं कुंपण हरवलं त्याला मी जास्त घाबरते.

राहता राहिली आई. मला राहून राहून वाटतं, तिच्या मनात अणुभट्टी जेवढी आहे, त्याहून जास्त बोईसर आहे. एकुलती मुलगी हाकेच्या अंतरावरून जाणार, हे तिला बोलता येत नाही. 'रेडिएशन' बोलता येतं. माझा अंदाज चुकीचाही असेल, तू तिला जास्त ओळखतेस. पण एकदा विषय बाजूला ठेवून तिला विचार, मी पुण्याला दिलेली चालली असती का? वडिलांनाही त्या वेळी जवळ बसव. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना मत नाही असं नाही.

आणि मग तिला घेऊन बोईसरला जा. डोंबिवलीहून दिवा, दिवा-वसई मार्गाने वसई, तिथून डहाणू लोकल. सकाळी निघा, घाई करू नका. केंद्राच्या वसाहतीत बायका असतात, त्यांच्या घरी चहा घ्या; वीस-वीस वर्षं तिथे राहिलेल्या, तिथेच मुलं वाढवलेल्या बायकांना आई जे विचारू शकेल ते तू किंवा मी विचारू शकणार नाही. घर भाड्याने बघणार असाल तर कारखान्यांपासून लांबचं, आणि वारा बहुतेक महिने ज्या बाजूने येतो त्या बाजूचं बघा. पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारा. बोअरिंगचं असेल तर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तोंडात घेऊ नका. दुपारीच परतू नका. अंधार पडेपर्यंत थांबा, आणि जेवणं झाल्यावर त्या घराच्या खिडकीत दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. रासायनिक वसाहतींच्या आसपास राहणारी माणसं सांगतात की खरा वास रात्री येतो. तुझं नाक आणि छाती त्या दहा मिनिटांत जे सांगेल, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
ताई